बाराव्या हिश्श्याची खुर्ची

मित्रहो, खुर्ची लहान करणे हा केवळ मापाचा प्रश्न असता, तर मोठ्या खुर्चीच्या प्रत्येक मापाला बाराने भागून काम संपले असते. लघुप्रतिकृतींच्या कामात एका फुटाला एक इंच हे प्रमाण रूढ आहे. नवी दिल्लीचे वास्तुरचनाकार एडविन लट्येन्स यांनी इंग्लंडच्या मेरी राणीसाठी १९२१ ते १९२४ या काळात उभारलेले, आज विंडसर किल्ल्यात असलेले बाहुलीघरही याच प्रमाणातले आहे. या हिशेबाने अठरा इंच उंचीची बैठक दीड इंचावर येते आणि छत्तीस मिलिमीटर जाडीचा पाय तीन मिलिमीटरचा होतो. मात्र लाकडातली छिद्रे आणि आपल्या हाताची ओढ बाराने भागता येत नाहीत, आणि खरे काम तिथेच सुरू होते.

आपल्याकडे लाकूड म्हटले की साग, ही वाड्यांनी पुणेकरांना लावलेली सवय आहे. पण सागाची मोठी छिद्रे सुमारे पाव मिलिमीटरची असतात. दिवाणखान्यातल्या खुर्चीवर ती शोभतात. आपल्या खुर्चीच्या पायावर मात्र ती, प्रमाणात पाहिले तर, खऱ्या पायाला तीन मिलिमीटरची भोके पडावीत तशी दिसतात. म्हणून हेदूसारखे किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांसाठी वापरतात त्या काळ्या कुड्यासारखे बारीक पोताचे लाकूड घ्यावे. पायांसाठी ते करवतीने कापण्यापेक्षा रेषेच्या दिशेने चिरून काढावे, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. चिरलेल्या काड्या, सोनार तार ओढायला वापरतात तशा भोकांच्या पोलादी पट्टीतून क्रमाने ओढल्या की गोल होतात. तयार संचातले प्लायवुडचे पाय मला पसंत नाहीत, कारण त्यांच्या कडेला थर दिसतात आणि पाहणाऱ्याला खुर्चीच्या आधी प्लायवुड दिसते.

जोडणीत पुढची आणि मागची चौकट आधी सपाट पाटावर चिकटवून वाळवावी आणि मग बाजूचे गज, म्हणजे पायांना जोडणारे आडवे दांडे, घालावेत. बाजूच्या गजांची भोके किंचित वर-खाली ठेवावी लागतात. नाहीतर तीन मिलिमीटरच्या पायात दोन कुसू, म्हणजे गजांची भोकात बसणारी टोके, एकमेकांवर आपटतात.

आता दोऱ्याच्या बैठकीचे विणकाम. प्रमाणात लहान झालेल्या वस्तूचे वजन १७२८ पट घटते, पण लाकडाच्या छेदाचे क्षेत्रफळ १४४ पटच घटते. त्यामुळे स्वतःच्या वजनाच्या मानाने ही खुर्ची मोठीपेक्षा बारा पट दणकट असते. ती मोडते ती बसण्याने नव्हे, दोरा ओढण्याने. बैठकीचे चार गज म्हणूनच बाकीच्या गजांपेक्षा जाड ठेवावेत. दोरा त्यांना झाकणारच असतो, तेव्हा डोळ्यांना फरक कळत नाही. विणताना समोरासमोरच्या गजांमध्ये लाकडाचा एक तुकडा अडकवून ठेवावा आणि मधली जागा बंद होण्याआधी काढून घ्यावा.

दोरा अर्ध्या मिलिमीटरचा, मेण लावलेला असावा. तो पुढच्या गजावरून खाली जातो, मधून वर येतो, बाजूच्या गजावरून वळतो आणि पलीकडच्या कोपऱ्याकडे निघतो. चारही कोपऱ्यांत हेच होत गेले की चार त्रिकोण मध्याकडे सरकतात. बैठक मात्र पुढे रुंद असते. पुढचा गज चाळीस आणि मागचा बत्तीस मिलिमीटर असेल, तर प्रत्येक बाजूला चार मिलिमीटर जादा उरतात, म्हणून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रत्येकी आठ जादा फेरे आधी भरून उरलेली जागा काटकोनी करावी लागते. हे न करता थेट विणले, तर मधली शिवण वाकडी जाते आणि ती नंतर कशानेही सरळ होत नाही. बाज विणणारे दर फेऱ्याला दोर चाचपतात, तसे इथेही प्रत्येक फेऱ्यानंतर नखाने दोरा शेजारच्या दोऱ्याला भिडवावा. बाजूचे गज आधी भरतात. मग मध्ये उरलेली फट पुढून मागे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे घेत बुजवावी.

पॉलिश मात्र विणण्याआधीच करावे. लाखेचा एक थेंब दोऱ्यावर पडला, तरी तिथला दोरा काळवंडतो आणि तेवढ्यासाठी सगळी बैठक उसवावी लागते.