अँटीव्हायरसने विचारावं कधी?

२१ एप्रिल २०१०. मॅकॅफीच्या अँटीव्हायरसचं ५९५८ क्रमांकाचं अपडेट ऑफिसांमध्ये पोहोचलं आणि विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ वर चालणारी मशीन्स कोलमडू लागली. 'एसव्हीसीहोस्ट' ही विंडोजचीच फाइल अँटीव्हायरसने कोणालाही न विचारता व्हायरस ठरवली होती. नेटवर्क गेलं, मशीन्स पुन्हापुन्हा रीस्टार्ट होऊ लागली.

मग दर वेळी विचारावं का? २००७ च्या विंडोज व्हिस्टामध्ये परवानगीची चौकट घडीघडी उघडायची. वैतागलेले लोक न वाचताच 'कंटिन्यू' दाबायचे, नाहीतर ती सोयच बंद करून टाकायचे. विंडोज ७ मध्ये त्यासाठी, किती वेळा विचारावं हे ठरवणारा, चार पायऱ्यांचा स्लायडर आला.

प्रश्न तोच विचारावा, ज्याचं उत्तर समोरच्याला ठाऊक असतं. एसव्हीसीहोस्टला नेटवर्क द्यावं की नाही, हे हिशेब लिहिणाऱ्याला कसं कळणार? पण आत्ता उघडलेला प्रोग्राम आपलाच आहे का, हे तो नक्की सांगू शकतो. ओळखीचा व्हायरस मात्र न विचारता क्वारंटाइनमध्ये, म्हणजे फाइल वेगळी कोंडून ठेवण्याच्या जागेत, जावा. थेट डिलीट नको. व्हायरस ओळखण्यात चूक झाली, तर क्वारंटाइनमधून फाइल परत आणता येते.

विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटीव्हायरसमधली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' ही सोय मधला मार्ग काढते. 'मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मध्ये (रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) ती मिळते. मुळात बंद असते. सुरू केली की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत लिहिता येत नाही. ती आधी अडवते, मग सूचना देते. इथेच गोंधळ होतो: फाइल सेव्ह करताना अनेकदा 'फाइल सापडत नाही' असा भलताच संदेश येतो आणि माणूस हार्ड डिस्क तपासत बसतो. अशा वेळी आधी डिफेंडरची 'प्रोटेक्शन हिस्टरी' उघडावी. अडवलेला प्रोग्राम तिथे दिसतो. ओळखीचा असेल, तर फक्त त्यालाच परवानगी द्यावी; वैतागून सगळं संरक्षण बंद करू नये. परवानगीनंतर प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, नाहीतर अडवणूक चालूच राहते. शिवाय परवानगी त्या ठिकाणच्या फाइलपुरतीच असते. प्रोग्राम दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला, की ती नव्याने द्यावी लागते.

ऑफिसात बरीच मशीन्स असतील, तर आधी 'ऑडिट मोड' लावावा. त्यात काहीच अडत नाही. काय अडलं असतं, त्याची इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ११२४ क्रमांकाने नोंद होते. महिनाअखेरीचे हिशेब, बॅकअप, प्रिंटिंग ही कामं त्या काळात होऊन जाऊ द्यावीत. नोंदींवरून परवानग्यांची यादी करावी आणि मगच अडवणूक सुरू करावी.