उजेडावर जगणारा शिंपला

कॅमेरा शिंपल्याजवळ नेला की आधी दिसते ती निळी नक्षी. मग कडेने बारीक काळे ठिपके. हे डोळे आहेत, तेही शेकड्यांनी! चित्र फारसं स्पष्ट दिसत नसेल, पण सावली बरोबर कळते. समुद्री जीवांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवरून नुसता हात फिरवला... आणि शिंपला मिटला. तब्येत ठणठणीत असल्याची ही पहिली खूण.

हा जायंट क्लॅम, ट्रायडॅक्ना मॅक्सिमा. त्याच्या कुळातला खरा महाकाय म्हणजे गिगास: मीटरभराहून लांब, वजन २०० किलोंच्या घरात. घरच्या टाकीत येतात ती त्याची धाकटी भावंडं, मॅक्सिमा, क्रोसिया, स्क्वामोसा, डेरासा. घेताना संवर्धन केंद्रात वाढवलेला शिंपलाच घ्यावा; समुद्रातून उचललेला नको. या सगळ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस या वन्य जीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे.

बाहेर पसरलेला हा मांसल पडदा म्हणजे प्रावरण. त्यात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा शिंपल्याला मिळतो. म्हणजे दिवा हाच इथला स्वयंपाकी. क्रोसिया आणि मॅक्सिमाला प्रखर प्रकाश हवा; डेरासा, स्क्वामोसा थोड्या कमीवर भागवतात. प्रावरण नेहमीपेक्षा जास्त लांबवर ताणलेलं दिसलं की माणसं खूश होतात, पण बरेचदा ती उजेडासाठीची धडपड असते. नवा शिंपला मात्र थेट दिव्याखाली ठेवू नये. आधी खालच्या बाजूला ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वर आणावा.

पाण्याचं गणित सरळ आहे. तापमान २५-२६ अंश सेल्सिअस, क्षारता हजारी ३५, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग), अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ८ ते ११ डीकेएच (ती मोजायचं एकक). कवच याच कॅल्शियमवर वाढतं, त्यामुळे आकडे रोज वरखाली होऊ देऊ नयेत. आणि एक गंमत: पाणी अगदी निर्मळ झालं तर शिंपल्याची उपासमार होते. अमोनिया, नायट्रेट यांतला नायट्रोजन त्याला आणि त्याच्या शैवालाला लागतो. नायट्रेट शून्यावर आणायचा अट्टाहास इथे अंगाशी येतो.

आता तळाकडे बघूया. कवचाच्या खालच्या फटीतून निघालेल्या चिवट धाग्यांनी त्याने खडक पकडलाय. जागा बदलायची म्हणून ओढलंत, तर धाग्यांबरोबर आतलं मांसही फाटतं, आणि मग तो सहसा वाचत नाही. धागे खडकालगत पात्याने कापायचे. घाई करायची नाही.

रात्री दिवे गेल्यावर टॉर्च घेऊन कवचाची कड तपासावी. तांदळाच्या दाण्याहून लहान, पांढऱ्या गोगलगायी दिसल्या तर टूथब्रशने झाडून काढाव्यात, त्यांच्या अंड्यांच्या चिकट पुंजक्यांसकट. त्या शिंपल्याचा द्रव शोषतात, आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढते. दिवसाचे शत्रू वेगळे. काही एंजलफिश आणि बटरफ्लायफिश प्रावरणाचे लचके तोडतात. अशा माशांशेजारी शिंपला ठेवण्याचा विचारच सोडलेला बरा.

पाणी आत घेणारं तोंड सतत वासून राहिलं, सावलीलाही शिंपला हलेनासा झाला, तर पाणी लगेच तपासायचं. उलट कवचाच्या कडेला ताजी पांढरी रेघ दिसली, तर वाढ सुरू आहे. आणि डेरासा असेल तर ती बरीच होणार. हा शिंपला अर्ध्या मीटरपर्यंत वाढू शकतो. टाकीचं माप आधीच घेऊन ठेवा.