लॉसलेस गाणी: कानाला फरक कळतो का?

नमस्कार श्रोतेहो.

गाणी ऐकण्याचं ॲप उघडा, सेटिंग्जमध्ये शिरा आणि जरा खाली या. आवाजाच्या दर्जाचा एक रकाना तिथं असतो. एरवी आपण त्याच्या वाटेला जात नाही. गेल्या काही वर्षांत त्या रकान्यात एक नवा पर्याय येऊन बसला आहे: लॉसलेस, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातलं काहीही न गाळता पोचवलेलं गाणं. टायडल या गाण्यांच्या सेवेनं तो २०१४ मध्ये दिला, ॲमेझॉननं २०१९ मध्ये. २०२१ च्या जूनमध्ये ॲपल म्युझिकनं जादा पैसे न घेता तो सगळ्या वर्गणीदारांना खुला केला. स्पॉटिफायनं घोषणा केली त्याच वर्षी, पण प्रत्यक्ष द्यायला सप्टेंबर २०२५ उजाडला. मधली साडेचार वर्षं काही मंडळी अक्षरशः चातकासारखी वाट बघत होती.

आता तो आलाय म्हटल्यावर प्रश्न एवढाच उरतो, की तो चालू केल्यानं तुम्हाआम्हाला काही वेगळं ऐकू येतं का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. नेहमीचं स्ट्रीमिंग चांगल्या दर्जावर ठेवलेलं असेल, तर तिथून लॉसलेसवर गेल्यानं बहुतेकांना बहुतेक गाण्यांत फरक कळत नाही. मग ‘मला तर कळला बुवा’ असं छातीठोकपणे सांगणारे खोटं बोलतात का? तसंही नाही. त्यांना फरक ऐकू आलेला असतो, पण बऱ्याचदा त्याचं कारण भलतंच असतं.

आधी थोडा हिशेब. सीडीवर आवाज साठवताना दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचं माप घेतलं जातं. प्रत्येक माप १६ बिटांचं (बिट म्हणजे शून्य किंवा एक असा एक अंक), आणि डावा-उजवा असे दोन कान. गुणाकार केला तर सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट होतात, म्हणजे साधारण १,४११ किलोबिट. स्पॉटिफायचा लॉसलेसच्या आधीचा सर्वांत वरचा दर्जा होता ३२० किलोबिट. ॲपलचा नेहमीचा २५६. म्हणजे सीडीच्या पाव हिश्श्यापेक्षाही कमी. हे आकडे शेजारी ठेवले की माणूस दचकतो. पाऊण गाणं गेलं कुठं?

तर तेवढं काही गेलेलं नसतं. लॉसलेस फाईलसुद्धा १,४११ ची नसते. २००१ मध्ये आलेला फ्लॅक हा फॉरमॅट घ्या. तो आधीच्या मापांवरून पुढचं माप काय असेल याचा अंदाज बांधतो आणि अंदाज जेवढ्यानं चुकला तेवढाच आकडा लिहून ठेवतो. चूक लहान असते, म्हणून ती लिहायला बिटही कमी लागतात. गाणं वाजवताना तोच अंदाज पुन्हा बांधायचा, चूक मिळवायची, की मूळ आकडा जसाच्या तसा हातात. एक बिटही इकडचा तिकडे होत नाही. एवढ्यावरच फाईल साधारण निम्म्यावर येते. तेव्हा पाऊण हिश्शातला बराचसा भाग फेकलेला नसतोच, तो फक्त नीट आवरलेला असतो.

खरी काटछाट त्याच्या पुढची, आणि ती आपल्या कानाच्या स्वभावावर बेतलेली आहे. मिक्सर चालू असताना आतल्या खोलीतून कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही. हाक हवेतून येते, कानावर पडतेही, पण मोठा आवाज तिला झाकून टाकतो. गाण्यातही हे क्षणोक्षणी चालू असतं. एका स्वराच्या जवळचा बारीक स्वर त्या मोठ्या स्वराखाली बुडतो. जोरदार ठोका पडला की त्याच्या लगेच मागचा, इतकंच काय, किंचित आधीचा बारीक आवाजही आपल्याला जाणवत नाही. एमपीथ्री, एएसी, ऑग व्हॉर्बिस हे फॉरमॅट नेमकं एवढंच हेरतात आणि जे झाकलंच जाणार आहे त्यावर बिट खर्च करत नाहीत. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यावर काम करत होते, तेव्हा त्यांना कुठल्या भरगच्च वाद्यवृंदानं नव्हे, तर सुझान व्हेगाच्या ‘टॉम्स डायनर’ या साथीविना गायलेल्या गाण्यानं घाम फोडला होता. कारण उघड आहे. एकटा गळा गात असला की चुका झाकायला मागं काही उरतच नाही.

ही काटछाट कुठं उघडी पडते, तेही सांगतो. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १६ हजार कंपनांच्या वरचं, अगदी बारीक पट्टीतलं सगळं कापलेलं असतं. त्यावर झांजेचा लांबत जाणारा नाद ऐका. शेवटाकडं तो पाण्यातून आल्यासारखा थरथरतो. मैफलीच्या ध्वनिमुद्रणातला टाळ्यांचा कडकडाट ऐका. सुट्या सुट्या टाळ्या न राहता त्यांची एक गिचमिड खळखळ होते. आणि एकदम तुटक, टोकदार आवाज, म्हणजे टाळ किंवा चिपळ्या, यांच्या ठोक्याच्या अगदी आधी एक पुसट फिसकारा येऊ शकतो. एकदा का हे कानाला ओळखीचं झालं, की मग ते सारखं सापडत राहतं, आणि हा काही फारसा सुखाचा छंद नाही.

पण हे झालं १२८ चं. बिट वाढत गेले की हे दोष विरघळत जातात. कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये तयार कानाच्या श्रोत्यांना सीडी आणि एमपीथ्री जोडीनं ऐकवली. १९२ किलोबिटपर्यंत त्यांनी सीडीला स्पष्ट पसंती दिली. २५६ आणि ३२० वर मात्र त्यांना निवड करता येईना. आणि ही ध्वनिमुद्रणात मुरलेली माणसं होती, तुमच्या-माझ्यासारखी काम करता करता गाणी लावणारी नव्हेत.

सीडीच्याही वरचा ‘हाय-रेझ’ दर्जा असतो, २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला १ लाख ९२ हजार मापांपर्यंतचा. त्याची गत आणखी बिकट. मापांच्या निम्म्या कंपनांपर्यंतचा आवाज टिपता येतो, म्हणून १९२ किलोहर्ट्झच्या फाईलमध्ये ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० पर्यंत ऐकतो आणि वय वाढलं की वरचे मजले एकेक करून बंद होत जातात. वरचं सगळं वटवाघळांच्या वाट्याचं. २००७ मध्ये मायर आणि मोरन या दोघांनी अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध केली. उच्च दर्जाच्या डिस्क वाजवायच्या, मधेच गुपचूप तो आवाज सीडीच्या दर्जातून गाळून घ्यायचा, आणि श्रोत्यांना ओळखायला सांगायचं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी जवळपास एवढीच आली असती. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांची एकत्र मोजदाद केली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. म्हणजे काहीतरी आहे, प्रशिक्षित कानांना ते जास्त जमतं, पण सर्वसामान्यांच्या बाबतीत तो फरक चिमूटभरही नाही.

तुम्ही आत्ता मला एफएमवर ऐकत असाल, तर माझ्या आवाजातलं १५ किलोहर्ट्झच्या वरचं काहीही तुमच्यापर्यंत पोचत नाही. एफएमच्या रचनेतच तेवढी मर्यादा आहे, कारण १९ किलोहर्ट्झवर स्टिरिओसाठीचा एक वेगळा संकेत बसवलेला असतो. मी अपुरा वाटतोय, अशी तक्रार अजून कुणी केलेली नाही. केली असेल तर ती वेगळ्या कारणासाठी.

मग ज्यांना फरक ऐकू येतो, त्यांना नेमकं काय ऐकू येतं? पहिला संशयित आवाजाची पातळी. दोन तुकडे अगदी सारखे असले आणि त्यातला एक किंचित मोठा वाजला, तर कान ‘मोठा’ असं म्हणत नाही; ‘जास्त मोकळा’, ‘जास्त जिवंत’ असं म्हणतो. अर्ध्या डेसिबलचा फरकही निकाल फिरवू शकतो. एका ॲपमध्ये गाण्यांची पातळी समान करण्याची सोय चालू असते, दुसऱ्यात बंद असते. आपण ॲप बदलतो, आवाज वाढतो, आणि श्रेय लॉसलेसला जातं.

दुसरा संशयित त्याहून साधा, आणि मला वाटतं बहुसंख्य लोकांची गोष्ट हीच असावी. ॲपमध्ये दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर असतो. मोबाईलचं नेटवर्क अशक्त झालं की ॲप गुपचूप खालच्या पायरीवर उतरतं. स्पॉटिफायच्या पायऱ्या २४, ९६, १६० आणि ३२० किलोबिट अशा आहेत. ९६ वर ऐकणारा माणूस लॉसलेस चालू करतो आणि थक्क होतो. त्याचं थक्क होणं शंभर टक्के खरं आहे. फक्त, ३२० वर गेला असता तरी तो तितकाच थक्क झाला असता.

आपला कान कुठं बसतो हे पाहायचं असेल तर घरबसल्या पाहता येतं, पण डोळे बंद ठेवून. म्हणजे कुठला तुकडा वाजतोय हे आपल्याला दिसता कामा नये. सीडीवरून किंवा विकत घेतलेल्या फ्लॅकवरून एक गाणं घ्या, त्याच फाईलवरून ३२० चं एमपीथ्री तयार करा. वेगळ्या ठिकाणाहून आणलेलं नको, कारण त्याचं मास्टरिंगच, म्हणजे गाणं बाहेर पडण्याआधी त्याच्या आवाजावर फिरवलेला शेवटचा हातच, वेगळं असू शकतं. संगणकावरच्या फूबार२००० नावाच्या फुकट प्लेअरला एबीएक्स नावाची एक जोड मिळते. तिच्यात ए आणि बी हे दोन तुकडे तुम्ही हवे तितके वेळा ऐकायचे आणि मग एक्स ऐकून तो ए आहे की बी हे सांगायचं. संपूर्ण गाणं ऐकत बसू नका, पाच-सात सेकंदांचा अवघड तुकडा निवडा: झांज, टाळ्या, एकटा गळा. सोळा वेळा करा. बारा किंवा जास्त उत्तरं बरोबर आली तर ती निव्वळ नशिबानं आली असण्याची शक्यता सुमारे ४ टक्के, म्हणजे तुमच्या कानाला मानलं पाहिजे. आठ-नऊ आली तर काय समजायचं ते समजा. या चाचणीत एक गंमत असते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत माणूस फार आत्मविश्वासानं उत्तर देतो, आणि उत्तरं बघितल्यावर पुढच्या फेऱ्यांत त्याच्या कपाळावर आठ्या येतात.

आता ब्लूटूथ. ही बाब जाहिरातींत बारीक अक्षरांत असते. बिनतारी इअरफोनकडं जाताना फोन ते लॉसलेस गाणं उलगडतो आणि पुन्हा नव्यानं, काटछाट करून दाबतो. असं दाबण्याचं सगळीकडं चालणारं तंत्र म्हणजे एसबीसी, ते साधारण ३२८ किलोबिटचं असतं. सोनीचं एलडॅक ९९० पर्यंत जातं, पण सिग्नल डगमगला की ६६० किंवा ३३० वर येतं, आणि ९९० वरही ते काटछाट करणारंच आहे. ब्लूटूथवरचा आवाज लॉसलेस नसतो, असं ॲपलनं आपल्या मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. ॲप्टएक्स लॉसलेससारखे अपवाद आहेत, पण ते फोन आणि इअरफोन दोघांकडंही असावे लागतात. म्हणजे खिशातल्या फोनवर लॉसलेसचं चिन्ह झळकतंय आणि कानात पोचतंय ते दुसरंच.

ज्यानं आवाज खरोखर बदलतो त्यावर इतकी चर्चा होत नाही, कारण त्याला चिन्ह नसतं. कानात बसवायच्या इअरफोनची रबरी टोपी आपल्या कानाच्या मापाची नसेल आणि फट राहिली, तर खर्ज गायब होतो. खोक्यात तीन मापांच्या टोप्या येतात, बहुतेक लोक मधली लावतात आणि बाकीच्या फेकून देतात. डाव्या कानाला एक आणि उजव्याला दुसरी लागू शकते, बघा एकदा लावून. आणि इअरफोन-इअरफोनमधला फरक तर आंधळ्या चाचणीतही कुणीही सांगेल.

तसंच मास्टरिंगचं. १९९० च्या दशकापासून गाणी जास्तीत जास्त मोठी वाजावीत म्हणून हळू आणि जोरकस भागांमधलं अंतर दाबून टाकण्याची चढाओढ लागली. असं चेपलेलं गाणं लॉसलेसमध्ये ऐकलं तर ते बिनचूक चेपलेलं ऐकू येतं. त्याच गाण्याची जुनी, मोकळी आवृत्ती २५६ वर ऐका, ती हमखास जास्त आवडेल.

मग हा पर्याय बंद ठेवायचा का? मुळीच नाही. वायफाय असेल आणि पैसे वेगळे लागत नसतील तर खुशाल चालू ठेवा. नुकसान काही नाही, आणि ब्लूटूथवर पुन्हा दाबलं जाणारच असेल तर निदान आधी एकदा दाबलेलं तरी नसतं. मोबाईल डेटावर मात्र हिशेब करा. ३२० ला तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, सीडीच्या दर्जाच्या लॉसलेसला साडेतीनशे ते चारशे, आणि २४ बिट-१९२ ला दोन जीबीच्या वर. त्यासाठी महागडी वर्गणी किंवा नवं यंत्र मात्र घेऊ नका. त्या पैशांचे तारेचे बरे हेडफोन येतील.

एका ठिकाणी लॉसलेसला पर्याय नाही, आणि ते म्हणजे साठवण. गाणी विकत घेऊन कायमची ठेवणार असाल, जुन्या सीडी संगणकावर उतरवत असाल, ध्वनिमुद्रणावर पुढं काही काम करणार असाल, तर फ्लॅकच ठेवा. त्यातून उद्या जो फॉरमॅट येईल तो काढता येतो. एमपीथ्रीवरून दुसरं एमपीथ्री काढलं की प्रत्येक वेळी थोडं आणखी झिजतं. आणि एमपीथ्रीवरून फ्लॅक बनवलं, तर फाईल तेवढी जाडजूड होते. गेलेलं काही परत येत नाही, पण ॲपमध्ये चिन्ह मात्र लॉसलेसचंच दिसतं.

नमस्कार.