गच्चीवरचं ऊन आणि बिलातले बारा महिने

श्रोतेहो, नमस्कार.

गेली अकरा वर्षं मी सातारा जिल्ह्यात घरांच्या गच्च्यांवर सोलर पॅनेल बसवतो आहे. फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, तीन केव्हीचं सोलर कितीला पडेल?" केव्ही म्हणजे किलोव्होल्ट. आपल्याला म्हणायचं असतं किलोवॅट. पण ते सोडा, बोलणं कळतं. मी उलट विचारतो, "तीनच का?" यावर बहुतेक वेळा उत्तर येतं, "शेजाऱ्यांनी तीनच बसवलंय," नाहीतर "तीनला सबसिडी पूर्ण मिळते." स्वतःच्या घरात वर्षाला किती वीज लागते, हे सांगणारा माणूस दहात एखादा भेटतो. आज मला बोलायचंय ते याच आकड्याबद्दल. सोलर किती मोठं हवं हे गच्ची ठरवत नाही, शेजारी ठरवत नाहीत आणि सबसिडीही ठरवत नाही. ते तुमच्या विजेच्या बिलात आधीच लिहिलेलं असतं.

गेल्या डिसेंबरमध्ये मी कराडजवळच्या एका घरी गेलो होतो. घरात काकू, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. गच्ची ऐसपैस, सहाशे चौरस फूट तरी असेल. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. म्हणजे जागेच्या हिशेबानं तिथं पाच किलोवॅटही सहज मावलं असतं. मुलाचं तीनवर ठरल्यातच जमा होतं. मी काकूंना म्हटलं, "काकू, आधी बिलं आणा." त्या आतून पिठाच्या डब्यामागची पिशवी घेऊन आल्या. त्यात सगळी बिलं सुतळीनं बांधून ठेवलेली! अशा घरात काम करायला बरं वाटतं.

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे उभे पट्टे असतात. बिलाची रक्कम बघायची नाही, युनिट बघायचे. रक्कम दर बदलला की बदलते, युनिट खोटं बोलत नाहीत. काकूंच्या घरी एप्रिलमध्ये २६०, मेमध्ये २७५ युनिट. पावसाळ्यात दीडशेच्या आसपास, थंडीत १४० ते १५५, आणि मार्चमध्ये पुन्हा २१०. वहीच्या मागच्या पानावर नातीनं बेरीज केली, बारा महिन्यांची २,१४० युनिट.

आता दुसरी बाजू. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं. सरासरी म्हणतोय, कारण जुलै-ऑगस्टच्या झडीत ते निम्म्यावर येतं आणि फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र आकाशात चारच्या वर जातं. वर्षाला धरायचे चौदाशे ते साडेचौदाशे युनिट. म्हणजे काकूंच्या आजच्या वापराला दीड किलोवॅट पुरे. तीन किलोवॅट म्हणजे गरजेच्या दुप्पट.

मुलगा म्हणाला, "जास्त झालं तर काय बिघडलं? उरलेली वीज बोर्डाला जाईल, पैसे मिळतील." श्रोतेहो, सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

नेट मीटरमध्ये काय होतं? दिवसा तुमची जास्तीची वीज तारेत जाते, रात्री तुम्ही तारेतून घेता, आणि महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते. दिलेले युनिट जास्त असतील तर ते पुढच्या महिन्यासाठी तुमच्या नावावर जमा राहतात. पण ही जमा कायमची नसते. हिशेब आर्थिक वर्षाचा असतो, तो ३१ मार्चला बंद होतो. त्या दिवशी जे युनिट उरले असतील त्यांचे पैसे मिळतात, पण तुम्ही विकत घेता त्या दरानं नाही, त्याहून कितीतरी कमी दरानं. आणि एक एप्रिलला पाटी कोरी.

आता हे आपल्या हवामानाशी ताडून बघा. वीज सगळ्यात कमी लागते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. ऊन स्वच्छ असतं, पॅनेल थंड असतात, उत्पादन चांगलं होतं. जमा वाढत जाते, वाढत जाते, आणि पंखे-कूलर सुरू व्हायच्या तोंडावर ती पुसली जाते. काकूंच्या घरी नोव्हेंबर ते मार्च मिळून वापर जेमतेम आठशे युनिट. तीन किलोवॅट बसवलं असतं तर त्याच पाच महिन्यांत अठराशेच्या आसपास युनिट तयार झाले असते. हजारभर युनिट मातीमोल भावानं गेले असते, आणि एप्रिलचं २६० युनिटचं बिल कोऱ्या पाटीवर सुरू झालं असतं. थंडीतली शिल्लक उन्हाळ्यात वापरता येत नाही, ही गोष्ट कोटेशनच्या कागदावर मी तरी कधी लिहिलेली पाहिली नाही.

आता सबसिडी. पीएम सूर्य घर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार. म्हणजे पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी तीस, पण तिसऱ्याला अठराच. सरकारनं धरलेल्या खर्चात हे पहिल्या दोनसाठी साठ टक्के होतात आणि तिसऱ्यासाठी चाळीस टक्के. तिसऱ्या किलोवॅटचा मोठा भाग तुमच्या खिशातूनच जातो. घराला त्याची गरज असेल तर जरूर बसवा, माझी ना नाही. महिन्याला साडेतीनशे युनिट जाळणाऱ्या घराला तीन किलोवॅट हवंच. पण ७८ हजारांचा आकडा बघून तीन घेणं म्हणजे सूट आहे म्हणून चार मापं मोठा सदरा घेणं. आणि हो, संचाची क्षमता मोजताना पॅनेल आणि इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणारा डबा, यांतलं जे कमी असेल तेच धरतात. पॅनेल साडेतीन किलोवॅटचे आणि इन्व्हर्टर दोनचा, तर सबसिडी दोनचीच.

मग काकूंनी दीड किलोवॅट घ्यावं का? मी विचारलं, "पुढच्या दोन-तीन वर्षांत घरात नवीन काय येणार?" मुलगा विजेवरची स्कूटर घेणार होता, रोजचं येणं-जाणं तीस किलोमीटर. त्याला दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास, म्हणजे वर्षाला साडेचारशे. सुनेला इंडक्शनची शेगडी हवी होती. दोन्ही वेळचा बराचसा स्वयंपाक त्यावर केला तर दिवसाला दीड युनिट, वर्षाला साडेपाचशे. आता बेरीज गेली ३,१४० वर. आणि दोन किलोवॅट देणार २,९०० च्या आसपास. थोडं कमीच, आणि मला तसंच हवं होतं. घरात पंधरा वर्षांचा फ्रिज धडधडत होता, तीन जुने पंखे प्रत्येकी पंचाहत्तर वॅट खात होते. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा तेवढाच वारा तीसेक वॅटमध्ये देतो. पंखे बदलले की तेवढी तूट भरून निघते. वाचवलेलं युनिट तयार केलेल्या युनिटपेक्षा नेहमी स्वस्त पडतं, हे मी पॅनेल विकणारा माणूस असूनही सांगतोय. गिझरचंही तसंच. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट पितो. पाणीच तापवायचं तर गच्चीवर सौर बंब बसवा, त्यासाठी पॅनेल वाढवू नका.

एसी असलेल्या घरांचं गणित वेगळं, तेही सांगून टाकतो. दीड टनाचा एसी तासाला युनिटभर वीज घेतो. रोज रात्री आठ तास, उन्हाळ्याचे अडीच महिने, म्हणजे सहाशे युनिट. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे हा काळ लांबतो. आणि तिथं आणखी एक गोष्ट होते. पॅनेलवर लिहिलेले ५४० वॅट हे पॅनेल पंचवीस अंशांवर असतानाचे. मे महिन्यात पॅनेलची पाठ पासष्ट अंशांपर्यंत तापते, आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. चाळीस अंश जास्त म्हणजे चौदा टक्के गेले. म्हणून रखरखीत ऊन म्हणजे भरपूर वीज असं नाही. पॅनेलखालून वारा खेळायला हवा, पत्र्याला चिकटवून बसवू नयेत.

आता सावली. इतकं बोलून झाल्यावर मी खिशातून खडू काढला. काकूंच्या गच्चीवर सहा फूट उंचीची पाण्याची टाकी. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. भर दुपारी त्या टाकीची सावली उत्तरेला पाच फूट पडली होती, आणि सकाळी साडेनऊला तर पश्चिमेकडे सरकून दहा फुटांपर्यंत गेली होती. दर तासाला मी तिची कड खडूनं आखत गेलो. नात माझ्यामागून येऊन प्रत्येक रेषेवर वेळ लिहीत होती. दुपारी चारला गच्चीवर पंख्याच्या पात्यासारखी आकृती तयार झाली. त्या आकृतीच्या आत पॅनेल नको.

याआधी कुणीतरी मे महिन्यात, दुपारी बाराला येऊन माप घेऊन गेलं होतं. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आपल्या भागात सूर्य नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. त्या वेळी अख्खी गच्ची मोकळीच दिसणार. त्यांच्या नकाशात दोन पॅनेल बरोबर टाकीच्या उत्तरेला होते. थंडीत रोज त्यांच्यावर सावली पडली असती. पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात, अरुंद रस्त्यावरच्या उसाच्या गाड्यांसारखे. एक अडकली की मागच्या खोळंबतात. पॅनेलमधले बायपास डायोड सावलीतला भाग वगळून बाकीच्यांना वाट करून देतात, पण त्या भागाची वीज गेली ती गेलीच. मग कागदावरचं तीन किलोवॅट प्रत्यक्षात अडीचचं काम करतं.

एक शंका मला प्रत्येक घरात विचारतात, लाईट गेल्यावर सोलर चालेल का? साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बोर्डाच्या तारेला जोडलेलं, बिनबॅटरीचं सोलर चालत नाही, भर उन्हातही नाही. तारेतली वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, कारण खांबावर चढलेल्या लाईनमनच्या हातात तुमच्या गच्चीवरची वीज जायला नको. जिथं रोज तासन् तास वीज जाते तिथं बॅटरीचा हायब्रिड संच बघा, पण त्याचा खर्च बराच वाढतो आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. कराडच्या या घरी वीज फारशी जात नाही. तिथं मी बॅटरीला नाही म्हटलं.

शेवटी ठरलं दोन किलोवॅट. ५४० वॅटची चार पॅनेल, दक्षिणेकडे तोंड, सतरा-अठरा अंशांचा उतार. सबसिडीसाठी भारतात बनलेल्या सेलचीच पॅनेल लागतात, ती घेतली. अर्ज योजनेच्या पोर्टलवर भरला. दहा किलोवॅटपर्यंत वेगळ्या तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही. अर्थिंग आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांत एक रुपयाही वाचवू दिला नाही.

काकूंची एकच अट होती. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया आणि सांडगे घालायला जागा राहिली पाहिजे. म्हणून सांगाडा जरा उंच उभारला. एप्रिलमध्ये मी पहिलं रीडिंग बघायला गेलो, तेव्हा पॅनेलच्या सावलीत काकू पाट टाकून बसल्या होत्या आणि उन्हात धोतरावर कुरडया वाळत होत्या. टाकीजवळची खडूची रेघ अजून पुसट दिसत होती, साडेनऊची.

नमस्कार.