जी विमानं लढाईवर गेलीच नाहीत: ब्लॅकहॉकचे जुने अंक ओळखायचे कसे?

[पडद्यावर: मिलिटरी कॉमिक्स, अंक १]

नमस्कार मंडळी. आज ब्लॅकहॉक, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं अमेरिकन कॉमिक. गडद निळ्या गणवेशातले सात गडी, त्यांचं गुप्त बेट आणि नाझींशी मांडलेलं हाडवैर.

ही तुकडी पहिल्यांदा दिसली 'मिलिटरी कॉमिक्स'च्या ऑगस्ट १९४१च्या पहिल्या अंकात. प्रकाशक अमेरिकेतले क्वालिटी कॉमिक्स. घडवणारे विल आइस्नर, चक क्युडेरा आणि बॉब पॉवेल. तारीख नीट लक्षात ठेवा, कारण पर्ल हार्बरवरचा हल्ला डिसेंबर १९४१चा. म्हणजे अंक आला तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीच नव्हती. म्हणूनच पहिल्या गोष्टीतला तुकडीचा म्होरक्या, ब्लॅकहॉक, अमेरिकन नाही, तो पोलंडचा वैमानिक आहे. पोलंड पडतंय, जर्मन कॅप्टन फॉन टेप शेतघरावर बॉम्ब टाकतो, ब्लॅकहॉकच्या घरची माणसं जातात आणि तिथून सूडकथा सुरू होते. पुढे फ्रान्सचा आंद्रे, पोलंडचा स्टॅनिस्लॉस, स्कँडिनेव्हियाचा ओलाफ, अमेरिकेचा चक आणि कधी डच तर कधी जर्मन म्हटला जाणारा हेंड्रिक्सन अशी टोळी जमते. देश हातचे गेलेली माणसं एकत्र येऊन लढतात, हा या गोष्टींचा जीव आहे.

पण आज बोलायचंय ते त्यांच्या विमानाबद्दल.

[पडद्यावर: ग्रुमन एक्सएफ५एफ, बाजूने आणि वरून]

हे ग्रुमन एक्सएफ५एफ स्कायरॉकेट. पंखांची लांबी ४२ फूट, नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम २८ फूट ९ इंच. आता नाक बघा. पंखाची पुढची कड इथे आहे आणि नाक तिच्या मागेच संपलंय. पुढे आलेत ते फक्त दोन इंजिनांचे गोल डबे. मागे शेपटीला दोन उभ्या पट्ट्या.

अमेरिकन नौदलाला विमानवाहू जहाजावरून झपकन वर चढणारं लढाऊ विमान हवं होतं. एकाच पंख्याचं (प्रोपेलरचं) विमान जोर लावला की एका बाजूला ओढतं. इथे दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे ती ओढ मारली जाते. १ एप्रिल १९४० रोजी पहिलं उड्डाण झालं. चढायला ते खरोखर जोरदार होतं, पण इंजिनाचं तेल पुरेसं थंड होईना, चाकांवरची झाकणं नीट बसेनात. दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या, त्यात नाकही लांबवून पंखाच्या पुढे आणलं. शेवटी नौदलाने मागणी नोंदवलीच नाही. सगळं मिळून एकच विमान बनलं.

आणि कॉमिकमध्ये? अख्खी तुकडी तेच उडवते, तेही मूळच्या आखूड नाकाचं!

ही निवड मला फार अचूक वाटते. कॉमिकची एक चौकट दोन-अडीच इंचांची. कागद न्यूजप्रिंट, रंग ठिपक्यांचे, छपाईत रंग थोडा सरकतोच. अशा चौकटीत साधी एक इंजिनाची विमानं काढली तर आपली कुठली आणि शत्रूची कुठली हे कळणार नाही. हा आकार मात्र नुसत्या काळ्या सावलीतही ओळखू येतो.

एका ठिकाणी मात्र गफलत होते. जर्मनांचं मेसरश्मिट ११० हेही दोन इंजिनांचं आणि दोन पट्ट्यांच्या शेपटीचं. रंग विटलेल्या पानावर दोन्ही सारखीच भासतात. तेव्हा शेपूट बघू नका, नाक बघा. नाक पंखाच्या बरंच पुढे आणि वर लांबलचक काचेचं छत, तर ते मेसरश्मिट. नाक पंखाच्या आत, तर ब्लॅकहॉक.

[पडद्यावर: लॉकहीड एक्सएफ-९०]

१९५०च्या सुमारास तुकडी जेटवर येते. त्यातलं गाजलेलं लॉकहीड एक्सएफ-९०: मागे झुकलेले पंख, टोकदार लांब नाक. दिसायला देखणं, पण दणकट बांधणीमुळे जड आणि त्या वजनाला दोन जेट इंजिनं अपुरी. १९५०च्या चाचणीत ते मॅकडॉनेलच्या एक्सएफ-८८समोर हरलं. बनली फक्त दोन. त्यातलं एक नेवाडाच्या वाळवंटात अणुस्फोटाच्या चाचणीसाठी उभं केलं गेलं. त्याचा चेपलेला सांगाडा आज अमेरिकेतल्या डेटनच्या हवाई दल संग्रहालयाकडे आहे. कॉमिकमध्ये हेच विमान कित्येक वर्षं आकाश गाजवत राहिलं.

म्हणजे मुखपृष्ठ फाटलेला अंक हाती आला तर आधी विमान बघा. आखूड नाक आणि पंखे, तर चाळीसचं दशक. टोकदार नाकाचं जेट, तर पन्नास किंवा त्यानंतरचं.

आता क्रमांकांचा घोळ. 'ब्लॅकहॉक' नावाच्या स्वतंत्र मालिकेचा पहिला अंक शोधत बसू नका, तो निघालाच नाही. क्वालिटीचंच दुसरं कॉमिक 'अंकल सॅम क्वार्टर्ली' आठ अंकांनंतर थांबलं आणि त्याचेच क्रमांक पुढे चालवत १९४४च्या हिवाळ्यात 'ब्लॅकहॉक' थेट ९पासून सुरू झालं. 'मिलिटरी'चंही तसंच: युद्ध संपल्यावर ४४व्या अंकापासून नाव 'मॉडर्न कॉमिक्स', क्रमांक मात्र सलग, १०२पर्यंत. 'ब्लॅकहॉक'चा क्वालिटीने काढलेला शेवटचा अंक १०७. १०८पासून, म्हणजे १९५७च्या सुरुवातीपासून, प्रकाशक डीसी कॉमिक्स. चित्रकार डिक डिलिन आणि क्युडेरा तेच राहिले, त्यामुळे नुसत्या चित्रांवरून हा बदल पकडता येत नाही. आतल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रकाशकाचं नाव असतं, ते वाचा.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. सातवा गडी, चिनी चॉप-चॉप. बाकी सहा जण माणसांसारखे रेखाटलेत आणि हा एकटा व्यंगचित्र: पुढे आलेले दात, मोडकं बोलणं, हातात सुरा. खरं विमान एका माणसाचं, पण हा ब्लॅकहॉकच्याच विमानात कोंबलेला, कारण त्याला स्वतःचं विमान दिलेलंच नाही. हा उघड वंशद्वेष आहे आणि तो चांगल्यातल्या चांगल्या गोष्टींनाही डाग लावतो. लहान मुलांच्या हातात हे अंक देणार असाल तर शेजारी बसून वाचा आणि हे त्यांना समजावून सांगा.

सुरुवात कुठून करायची? पहिली गोष्ट वाचा आणि मग थेट मिलिटरीच्या १२व्या अंकावर या. तिथून रीड क्रँडल चित्रं काढायला लागतो. एकेका चौकटीवर थांबा: गणवेशाच्या बाहीला पडलेल्या घड्या, कॉकपिटमध्ये वळलेली मान, खाली दूरवर गेलेली जमीन. डीसीने २००१मध्ये काढलेल्या 'ब्लॅकहॉक आर्काइव्ह्ज'च्या पहिल्या खंडात मिलिटरीच्या १ ते १७ या अंकांतल्या गोष्टी एकत्र मिळतात.

मूळ अंक विकत घेतलात तर कोकणात, मुंबईत जास्त जपा. न्यूजप्रिंटमधलं लिग्निन, म्हणजे लाकडातून आलेलं द्रव्य, हवेने आणि उजेडाने पिवळं पडतं, दमट हवेत पिना गंजतात आणि गंज मधल्या पानाला खातो. आम्लविरहित पुठ्ठा मागे लावून पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत उभा ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. आणि फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी कधीही लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो, आणि तो डाग मग निघत नाही.