बाटलीतच हरवणारं क्रोमियम

(दृश्य : बोअरवेलच्या पाइपातून बादलीत पडणारं पाणी)

पाणी नितळ आहे, वासही नाही. पण जवळ क्रोम प्लेटिंगचा कारखाना असेल, तर डोळ्यांवर विसंबून चालत नाही. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाण्यावर पिवळी झाक दिसेपर्यंत ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. उकळूनही काही साधत नाही. वाफ उडते, धातू तिथंच उरतो.

प्लेटिंगच्या टाकीतलं क्रोमियम हेक्साव्हॅलंट, म्हणजे त्याच्या विषारी रूपातलं असतं. ते सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि भूजलाबरोबर पुढे सरकतं. म्हणून सांडपाण्याचा पीएच गंधकाम्लानं २ ते ३ वर आणून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात. पिवळं पाणी हिरवट झालं, की क्रोमियम ट्रायव्हॅलंट, म्हणजे बरंच कमी विषारी झालं. मग चुन्यानं पीएच ८.५ च्या आसपास नेला, की त्याचा गाळ खाली बसतो. आम्ल वाचवायला पीएच ५ वरच रसायन ओतलं, तर अभिक्रिया रेंगाळते आणि विष तसंच नाल्याला लागतं.

(दृश्य : सुरू पंप, मीटरवर हलणारे आकडे)

नमुना घेताना घाई नडते. बोअरमध्ये साचून राहिलेलं पाणी भूजलाची खरी स्थिती सांगत नाही. १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये मीटरभर उंचीला साधारण १७.७ लिटर पाणी मावतं. पाणी ४० मीटर उभं असेल, तर झाले सातशे लिटर. त्याच्या तिप्पट उपसून टाकायचं. पीएच आणि विद्युतवाहकता स्थिरावली, की मगच बाटली धरायची.

बाटल्या दोन. एकूण क्रोमियमच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, पीएच २ च्या खाली जाईपर्यंत. हेक्साव्हॅलंटच्या बाटलीत मात्र आम्लाचा थेंबही नको. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. आम्लात, पाण्यातल्याच सेंद्रिय पदार्थांमुळे हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट होऊन बसतं, आणि अहवालात ‘आढळलं नाही’ असं छापून येतं. ही बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून २४ तासांच्या आत तपासायची.

कारखान्याच्या वरच्या अंगाच्या, म्हणजे भूजल जिकडून कारखान्याकडे येतं त्या बाजूच्या विहिरीचाही नमुना हवाच. वरचं अंग जमिनीच्या उतारावरून नव्हे, विहिरींतल्या पाणीपातळीवरून ठरवा. काही खडकांत क्रोमियम मुळातच असतं. हा नमुना नसेल, तर ‘ते खडकातलंच आहे’ हे म्हणणं खोडायला हातात काही उरत नाही.