जर्मनीतला रविवार आणि वाढवलेली दुकानं

सकाळचे साडेदहा वाजलेत. हा म्युनिकचा काउफिंगरश्ट्रासे, आपला लक्ष्मी रोड समजा, काल संध्याकाळी इथे पाय ठेवायला जागा नव्हती आणि आता बघा. काचेतले पुतळे नटून उभे आहेत, आतले दिवे पण चालू आहेत, पण दार एकाचंही उघडं नाही. कुणी बंद पुकारलेला नाही, रविवार आहे एवढंच.

(इथे दहा सेकंद काही बोलायचं नाही. फक्त चर्चची घंटा आणि रिकामा रस्ता.)

इथे नवीन आलेला प्रत्येक मराठी माणूस एकदा तरी रविवारी दुधावाचून राहिलाय, मी पण राहिलोय, आणि तेव्हा चिडलो होतो हे खरं आहे. मग हळूहळू कळलं की स्टेशनवरची दुकानं उघडी असतात, पेट्रोल पंपावर दूध मिळतं, आणि बेकरी सकाळी थोडे तास चालू असते. ही त्या बेकरीची लाईन. हे आजोबा घरच्या चपला घालूनच आलेत, हातात कापडी पिशवी, सहा ब्रोटशेन घेणार म्हणजे छोटे गोल पाव, आणि घरी जाऊन दोन तास नाश्ता चालणार. मागची मुलगी बापाच्या खांद्यावर झोपलीये.

आता ही शांतता आली कुठून ते सांगतो, कारण हा खूप जुना हिशोब आहे. 1919 मध्ये जर्मनीने वायमार राज्यघटना केली, तिच्या 139 व्या कलमात लिहिलंय की रविवार आणि सरकारमान्य सण हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने राखले जातील. ती घटना गेली, हिटलर आला, युद्ध झालं, देश फुटला, आणि 1949 मध्ये नवी घटना लिहिताना हेच कलम जसंच्या तसं उचलून 140 व्या कलमातून आत घेतलं. म्हणजे रविवार हा इथे नुसता रिवाज नाही, घटनेत बसलाय. त्यावर 1956 मध्ये केंद्राने दुकानं कधी वाढवायची, म्हणजे बंद करायची, याचा कायदा केला, सगळ्या पश्चिम जर्मनीला एकच वेळ, आठवडाभर संध्याकाळी साडेसहा आणि शनिवारी दुपारी दोन. नोकरी करणाऱ्या बायकांनी भाजी कधी आणायची हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे आणि तो खोटा नव्हता, त्यामुळे वेळ वाढत गेली, 1996 मध्ये रात्री आठ झाले, 2003 मध्ये शनिवारी पण आठ. रविवारला मात्र हात लागला नाही.

हे बर्लिनचं अलेक्झांडरप्लात्झ, आणि ही समोरची मोठी इमारत म्हणजे तेव्हाचं काउफहोफ साखळीचं दुकान. 1999 च्या ऑगस्टमध्ये इथे एक गंमतच झाली. टूरिस्ट लोकांसाठी आठवणवस्तू रविवारी विकायला परवानगी होती, तर यांनी दुकानातल्या मालाला ‘बर्लिन सुव्हनिर’ असे स्टिकर लावले आणि रविवारी शटर वर केलं. गर्दीही झाली. युनियनवाले चिडले, प्रकरण कोर्टात, आणि काउफहोफचीच तक्रार शेवटी घटनेच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेली, 2004 मध्ये निकाल आला तेव्हा शनिवारच्या वेळांवर आठ न्यायाधीशांमध्ये चार विरुद्ध चार झाले, त्यामुळे जुना कायदा टिकला. पण त्याच निकालात कोर्टाने म्हटलं की हा विषय केंद्राकडेच असायची आता गरज उरलेली नाही. ही ओळ महत्त्वाची आहे, पुढचं सगळं तिच्यातून निघतं.

कारण दोनच वर्षांनी, 1 सप्टेंबर 2006 ला, घटनादुरुस्ती झाली आणि दुकानांच्या वेळा हा विषय केंद्राकडून काढून 16 राज्यांच्या हातात दिला. राज्यं धावतच सुटली. बर्लिनने तर नोव्हेंबरमध्येच कायदा केला, सोमवार ते शनिवार चोवीस तास दुकान चालू ठेवा, आणि वर ख्रिसमसच्या आधीचे चारही रविवार दुपारी एक ते आठ उघडे, शिवाय इतर काही रविवार, एकूण दहापर्यंत.

इकडे बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, उलटं. सत्ताधारी पक्षाच्या आमदारांनी आपसात मतदान केलं आणि 51 विरुद्ध 51 पडले! मग काही ठरलंच नाही, आणि राज्याने स्वतःचा कायदा केला नाही तर केंद्राचा जुना कायदा चालू राहतो, म्हणून म्युनिकमध्ये रात्री आठलाच दुकान वाढवत राहिले आणि बर्लिनमध्ये मध्यरात्री किराणा मिळू लागला. देश एक, शहरं दोन.

(बर्लिन, डिसेंबर. ख्रिसमस मार्केटचे दिवे, गर्दी, मग चर्चच्या आतला शॉट.)

बर्लिनच्या त्या चार रविवारांवर कोर्टात गेले कोण तर दोन्ही चर्च, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, एकत्र. 1 डिसेंबर 2009 ला निकाल लागला आणि चर्च जिंकले. मी काही चर्चला जाणारा नाही, पण तो निकाल वाचताना मला बरं वाटलं, कारण कोर्ट फक्त देवाधर्माबद्दल बोलत नाही. कोर्ट म्हणतं राज्यांनी वेळा ठरवाव्यात, तो त्यांचा अधिकार आहे, पण रविवार घटनेचा आहे. दुकानदाराला गल्ला भरायचाय आणि गिऱ्हाईकाला शॉपिंग करायचंय, एवढ्या कारणासाठी तो उघडता येणार नाही, काहीतरी वेगळं ठोस कारण लागेल. आणि सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी असण्याला किंमत आहे असंही त्यात आहे. मला तेच पटतं. काउंटरवरच्या बाईला रविवारऐवजी मंगळवारी सुट्टी दिली तर तासांचा हिशोब जुळतो, पण मंगळवारी पोरं शाळेत, नवरा ड्युटीवर, मैत्रिणी कामावर, मग ती एकटी घरी बसून काय करणार?

हे हात बघा, काउंटरवरच्या एका बाईंचे. त्यांनी चेहरा दाखवू नका सांगितलं म्हणून हातच शूट केले. शनिवार, संध्याकाळची शिफ्ट, स्कॅनरवरून दही, केळी, परत दही. अंगठ्याला पट्टी आहे.

आपल्याकडे हाच रविवार मुंबईच्या गिरणी कामगारांना 10 जून 1890 ला मिळाला, नारायण मेघाजी लोखंडे सहा-सात वर्षं त्याच्यासाठी झगडत होते. आणि आपल्याकडे पण दुकानांचा कायदा राज्यच करतं, ज्याला आपण गुमास्ता म्हणतो तो. 2017 च्या नव्या कायद्याने महाराष्ट्रात दुकान सातही दिवस उघडं ठेवता येतं, कामगाराला आठवड्याची सुट्टी आळीपाळीने. तो रविवार लोखंडेंनी मिळवलेला असला तरी मॉलमधल्या मुलीला तो मिळेलच असं नाही.

आता फुल्डा, हेसन राज्य. ही लाकडी गोलाकार टपरीसारखी दिसणारी गोष्ट म्हणजे टेगुट कंपनीचं टेओ दुकान. माणूस नाही. कार्ड लावलं, दार सरकलं, स्वतः स्कॅन करा, निघा. कंपनी म्हणाली कामगारच नाही तर सुट्टी कुणाची मोडते? दुकान-कामगारांची व्हेर्डी युनियन म्हणाली रात्री फळ्या भरतं कोण, साफसफाई करतं कोण, आणि आज हे चाललं तर उद्या शेजारचा पण मागेल. हेसनच्या कोर्टाने 2023 च्या शेवटी सांगितलं, माणूस असो नसो, दुकान ते दुकान, रविवारी बंद. पण वेळांचा कायदा राज्याचाच, त्यामुळे 2024 मध्ये विधानसभेने तो बदलला आणि अशा छोट्या दुकानांना रविवारची मोकळीक दिली. बव्हेरियाने शेवटी 2025 मध्ये स्वतःचा कायदा केला, रात्रीचे आठ तसेच ठेवले, आणि 150 चौरस मीटरपर्यंतच्या बिनमाणसाच्या दुकानांना रविवारी चालू राहायची परवानगी दिली. छोट्या गावांत जिथे शेवटचं दुकान कधीच बंद पडलं तिथे म्हाताऱ्यांना याचा उपयोग होतोय, ते मान्य करावं लागेल.

परत म्युनिक, शनिवार, आठ वाजायला पाच कमी. आतले दिवे अर्धे झालेत, एक गिऱ्हाईक अजून पनीर शोधतंय. ती अंगठ्याला पट्टी असलेली बाई दाराशी येते, किल्ली फिरवते, सायकलचं कुलूप काढते.

(आवाज बंद. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत शॉट कापायचा नाही.)